मार्थाबाईची झील

मार्थाबाईचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला तो समजावून सांगणं अवघड आहे. गोड म्हणावा तर तसा तो नाही. ती वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी झाली की दारात उभी राहून पोरांना एकदाच हाक मारते. तेवढ्यावर पोरं तर येतातच, पण रस्त्यापलीकडच्या गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ थांबवून मान वर करते. सरळ, रुंद, कुठं न कापणारा आवाज. बाईच्या एवढ्याशा अंगात देवानं तो कुठं बसवला असेल ते त्याचं त्याला ठाऊक.

वाडी मिरजगावपासून आत, लिंबाच्या बागा आणि ज्वारीच्या रानांमध्ये. तिथं एक लहानसं चर्च आहे. पेटी आहे ती उंदरांनी खाल्लेली, आणि माइक लावला तर तो आधी शिट्टी मारतो आणि मग बंद पडतो. पण या मंडळीची एक रीत आहे, ती मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. यांचे पणजोबा-खापरपणजोबा ख्रिस्ती झाले ते मुळात भजनात झील धरणारे लोक. पुढच्यानं ओळ म्हणायची, मागच्यानं ती उचलून वर न्यायची, तीच झील. त्यांना पाद्रीसाहेबांनी शास्त्रातली एक गोष्ट सांगितली. पूर्वी इब्री म्हणजे ज्यू लोक डोंगरावरच्या मंदिरात जमायचे, एकजण हाक द्यायचा की परमेश्वराला धन्य म्हणा, बाकीचे हात वर करून तसं म्हणायचे, आणि मग हाक देणारा त्यांचं भलं चिंतायचा. हे ऐकून म्हातारे खूश झाले. म्हणाले, साहेब, ही तर आमचीच झील, तुमी उगाच एवढी लांबून आनली.

तेव्हापासून दर रविवारी उपासनेच्या शेवटी पंचांपैकी एकानं उभं राहून म्हणायचं, "उठा लेकरांनो, परमेश्वराला धन्य म्हना!" झील धरणाऱ्यानं लगेच उचलायचं, "धन्य त्यो, धन्य त्याचं नाव!" त्याच्यामागं सगळी मंडळी. ते झालं की हाक देणाऱ्यानं दोन्ही हात पुढं करायचे आणि म्हणायचं, "ज्यानं आभाळ-भुई केली, त्यो तुमचं भलं करो." उत्तर आलं नाही तर भलं चिंतायचं नाही. आणि उत्तर आलं तर चिंतायलाच पाहिजे, मग उत्तर देणारा कोणी का असेना. तिथं मागं हटला त्याची हाक पुन्हा कोणी घ्यायची नाही, असा जुन्यांचा दंडक.

हाक द्यायचं काम प्रभुदासांकडं होतं. त्यांच्या आधी त्यांच्या बापाकडं. प्रभुदास एसटीत कंडक्टर होते आणि निवृत्त झाले तरी उभे राहायचे ते गाडी वळणावर असल्यासारखे, पाय फाकून. झील होती त्यांच्या आईकडं, राहेलबाईकडं. तिनं धाकटी सून म्हणून मार्थाला घरात आणलं, पहिल्याच आठवड्यात चुलीपुढं तिचा आवाज ऐकला आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये तिला कोपरानं ढोसून म्हणाली, "आता तू उचल." मार्थानं उचलली. त्यानंतर पंचवीसएक वर्षं प्रभुदासांनी हाक द्यायची आणि भावजयीनं झील धरायची, हे चालत राहिलं. एरवी दिरापुढं ती डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, चार शब्द बोलायची ती भिंतीकडं बघून. आठवड्यातून एकदा मात्र हाकेला उत्तर द्यायची, तेही छप्पर हलवून.

मार्थाचा नवरा शमुवेल काविळीनं गेला तेव्हा त्यांची पोरगी आराधना तीन वर्षांची होती. प्रभुदासांची बायको त्याआधीच वारलेली, मूल नव्हतं. पोरीला त्यांनी खांद्यावर वाढवली. ड्यूटीवरून आले की खाकी खिशातून छापील तिकिटांचे उरलेले तुकडे काढून द्यायचे आणि ती सगळ्या वाडीला तिकिटं फाडून द्यायची. तिला अक्षरं त्यांनी शिकवली, सायकल त्यांनी शिकवली, नर्सिंगला नगरला सोडायला तेच गेले. "मोठे पप्पा" म्हणता म्हणता तिच्या तोंडून कितीदा तरी नुसतंच "पप्पा" निघायचं, आणि मग प्रभुदास उगाच चष्मा पुसत बसायचे.

आराधनाला शिर्डीत एका दवाखान्यात नोकरी लागली. तिथं तिला ज्ञानेश्वर भेटला. फुलांचा टेम्पो चालवायचा, पहाटे फुलं उतरवायचा आणि दिवसभर रिकामाच असायचा, त्यामुळं प्रेमात पडायला त्याला वेळ भरपूर होता. हिंदू शेतकऱ्याचं पोर. दोघांनी कोर्टात लग्न केलं. मार्था नवं लुगडं नेसून गेली, सहीच्या वेळी रडली, पेढा खाताना हसली, आणि घरी येईपर्यंत तिला ठरवता आलं नाही की झालं ते बरं झालं की वाईट. पोरगी आनंदात होती एवढं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी जोडपं मोठ्या पप्पांच्या पाया पडायला आलं. प्रभुदास ओट्यावर बसले होते. आराधना वाकली, तिच्या शेजारी ज्ञानेश्वर वाकला. प्रभुदासांनी दोन्ही हात काखेत घातले.

"पाया पडा. पडू नका म्हननार न्हाई," ते म्हणाले. "पन डोक्यावर हात मागू नका."

"का, पप्पा?"

"हा हात माजा एकट्याचा न्हाई, बाये. रविवारी मंडळीवर धरतो त्यो हाय. जे लगीन मंडळीत झालं न्हाई, त्याच्यावर मी कसा ठिवू? मला येत न्हाई."

शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज फाटला, असं छबूबाईचं म्हणणं. छबूबाई म्हणजे शेजारीण. ती कुंपणापलीकडं कांदे निवडत बसली होती आणि तिनं सगळं बघितलं. मार्थाला मात्र तो आवाज फाटलेला ऐकू आला नाही. तिला दिसले ते काखेत घातलेले हात, आणि वाकून वाकून पाठ दुखायला लागलेली तिची पोरगी.

पुढच्या रविवारी प्रभुदास उभे राहिले. "उठा लेकरांनो, परमेश्वराला धन्य म्हना!" मार्थानं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. त्या दिवशी ती मुद्दाम गप्प बसली की आवाजच फुटला नाही, हे तिला धड सांगता यायचं नाही. घरी येऊन तिनं देवाची माफी मागितली आणि लगेच दिराला शिव्या दिल्या, दोन्ही एका दमात, आणि कोणतं खरं हे तिचं तिलाच उमगेना.

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच, आणि त्याच्याही पुढच्या.

छबूबाईला वाटलं, गळ्याचाच विकार आहे. तिनं ज्येष्ठमधाची काडी आणून दिली, हळद-दूध पाजलं, मिठाच्या गुळण्या करवल्या. शेवटी मार्था नगरला डॉक्टरकडं गेली. त्यानं घशात बॅटरी घालून पाहिलं आणि गळा ठणठणीत असल्याचं सांगितलं. ते तर फारच वाईट झालं, कारण आता दोष द्यायला गळासुद्धा राहिला नाही. आणि अंगणवाडीच्या दारात तीच हाक, तीच म्हैस, सगळं तसंच चालू. वाडीत बायका बोलायला लागल्या की हिला खिचडीपुरता गळा आहे आणि देवापुरता नाही.

तुम्ही म्हणाल, बाकीच्यांनी उत्तर द्यावं की. इतकं सोपं असतं तर! झील धरणाऱ्याशिवाय या लोकांना सुरुवातच करता येत नव्हती. राहेलबाईच्या आधीपासूनची सवय. कोणीतरी पहिला शब्द उचलणार आणि मग आपण, असंच त्यांनी आयुष्यभर केलेलं. एकदा भीमा म्हणून एकजण होता त्यानं धाडस केलं. पण त्यानं पहिलाच शब्द इतका उंच लावला की दुसऱ्या शब्दाला त्याची शीर ताणली, पोरं हसली, आणि तो खाली बसला तो महिनाभर उपासनेला आला नाही. त्यानंतर कोणी वाटेला गेलं नाही.

प्रभुदास मात्र दर रविवारी उभे राहत. हाक देत. मग थांबत. बायकांच्या सतरंजीकडं बघत, जरुरीपेक्षा थोडं जास्तच. उत्तर आलं नाही की खाली बसत, आणि लोक उठून चपला शोधायला लागत. दोन वर्षं वाडीतल्या मंडळीला आशीर्वाद मिळाला नाही. लिंबाचा भाव पडला तरी लोक मार्थाकडं बघायचे, बोअर आटलं तरी तिच्याकडं. आणि मार्था बघायची दिराकडं. हा माणूस असा थांबतो, तो विनवतो की खिजवतो? कधी तिला एक वाटायचं, कधी दुसरं. घरी त्यांना भाकरी-कालवण तीच नेऊन द्यायची, ताट ओट्यावर ठेवायची, ते "ठिव" म्हणायचे. बाकी बोलणं नाही.

महिन्यातून एकदा केडगावहून जस्टिन पाळक मोटारसायकलवर येत. तरणा मुलगा, शास्त्र शिकून आलेला, सगळ्यांना मावशी-काका करणारा. पंचांनी त्याला मध्ये घातलं. तो अंगणवाडीत आला, खिचडी खाल्ली आणि म्हणाला, "मावशी, तुमची रीत किती जुनी आहे माहीत आहे का? इब्री लोकांत काहीजण रात्रभर मंदिरात पहारा करायचे. यात्रेकरू घरी परतताना त्यांना सांगून जायचे, आम्ही निघालो, तुम्ही परमेश्वराला धन्य म्हणत राहा. आणि आतले लोक जाणाऱ्यांचं भलं चिंतायचे. एकट्यानं म्हणून ते पुरं व्हायचंच नाही."

मार्था भांडं घासता घासता थांबली. "मला एक सांगा, पाळकसाहेब. थोरल्यानं धाकट्याला आशीर्वाद द्यायचा, ही रीत झाली. देव तर सगळ्यांत थोरला. त्याला आपन धन्य म्हनून काय मिळनार हाय? त्याला काय कमी हाय?"

जस्टिननं डोकं खाजवलं. "कमी काहीच नाही."

"मग मी न्हाई म्हटलं तर देवाचं अडतंय व्हय?"

"देवाचं नसेल अडत," जस्टिन म्हणाला. "पण हाक देणाऱ्याचं अडतं ना, मावशी. तो तसाच उभा राहतो."

"ऱ्हाऊ द्या उभा!" मार्था एकदम म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते रागाचं की कशाचं, हे ना तिला कळलं ना पाळकाला. तो घाबरून निघून गेला. समजावायला आला होता, होता तो गुंता आणखी घट्ट करून गेला.

हंगामाच्या सणाच्या आठवड्यात आराधनाचा फोन आला. या सणाला मंडळी आपल्या रानातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणते, ज्वारीची कणसं, तूर, लिंबं, कोणी कोंबडी, आणि मग बाहेर त्याचा लिलाव होतो.

"आई, आमी सणाला येऊ का?" आराधनानं विचारलं. "मला पाचवा महिना लागलाय."

मार्था आनंदानं मटकन खालीच बसली. "ये की! विचारतीस काय?"

"मला मोठ्या पप्पांचा हात पाहिजे गं. लेकरू व्हायच्या आधी. एवढंच पाहिजे, दुसरं काही नाही. ते ठेवतील का?"

मार्थानं ठेवतील म्हणून सांगितलं आणि फोन बंद झाल्यावर तिला घाम फुटला. कारण उपाय तिच्याच तोंडात होता. तिनं झील धरली की सगळी मंडळी उत्तर देणार, आणि उत्तर आलं की प्रभुदासांना हात पुढं करावेच लागणार, आणि त्या हातांखाली तिची पोरगी असणार, जावई असणार, पोटातलं लेकरू असणार. दोन वर्षं ती हे करू शकत होती. पण पोरीला असा फसवून काढलेला आशीर्वाद चालेल का? आणि आपण तोंड उघडलं म्हणजे त्या काखेतल्या हातांना माफ केलं असं होईल, त्याचं काय? आणि नाही उघडलं तर आपण पोरीच्या आड येतो की दिराच्या की देवाच्या? तिनं त्या दिवशी खिचडीत दोनदा मीठ घातलं. पोरांनी निमूट खाल्ली.

शेवटी तिनं पक्कं केलं. पोरीसाठी उघडायचं. राग असला तर असू दे, देव बघून घेईल.

सणाच्या दिवशी चर्च भरलं होतं. पुढं कणसांची रास, लिंबांच्या पाट्या, आणि पाय बांधलेला एक कोंबडा, जो जस्टिन पाळकाच्या उपदेशाच्या मध्ये मध्ये आपलं मत देत होता. आराधना बायकांत आईजवळ बसली. ज्ञानेश्वर पुरुषांत मागं, भिंतीला टेकून, डोक्याला रुमाल बांधून. त्याला काही सांगितलेलं नव्हतं. तो आपला पाहुण्यासारखा सगळ्यांबरोबर उठत होता, सगळ्यांबरोबर बसत होता.

प्रभुदास उभे राहिले. त्यांनी आराधनाला पाहिलं, तिच्या पोटाकडं पाहिलं, आणि लगेच समोरच्या भिंतीकडं बघायला लागले.

"उठा लेकरांनो, परमेश्वराला धन्य म्हना!"

मार्थानं श्वास घेतला. तोंड उघडलं. आणि काही म्हणता काही नाही! आता मुद्दाम नव्हतं, देवाशपथ नव्हतं. ती जोर लावत होती, मानेच्या शिरा वर आल्या होत्या, पोरगी तिचा हात दाबत होती, आणि गळा म्हणजे कुलूप. ती रडायच्या बेताला आली. प्रभुदास थांबले होते. कोंबडासुद्धा गप्प होता.

आणि मागून, भिंतीजवळून, एक आवाज उठला. "धन्य त्यो, धन्य त्याचं नाव!"

ज्ञानेश्वर होता. त्याच्या गावच्या भजनी मंडळात तो लहानपणापासून झीलकरी. आराधनानं घरी काम करताना ही ओळ हजारदा गुणगुणली होती, ती त्याला पाठ होती. समोरचा हाक देतो आणि ती कोणी उचलत नाही, हे त्या पोराला बघवलंच नाही. बुवांची ओळ खाली पडू द्यायची नाही, एवढं त्याच्या रक्तात. त्यानं डोळे मिटून, हात वर करून असा शब्द लावला की लोकांनी वळून पाहायच्या आधी त्यांच्या तोंडून पुढचे शब्द निघाले होते. दोन वर्षं कोंडलेली मंडळी एकदम फुटली. म्हातारे, पोरं, भीमासुद्धा. आराधना रडत रडत म्हणत होती. सगळ्यांचे हात वर. एकटी मार्था तेवढी गप्प.

मग सगळे प्रभुदासांकडं बघायला लागले. कारण आता त्यांची पाळी होती.

प्रभुदासांचे हात हलेनात. ते अंगाला चिकटलेले. उत्तर आलं होतं, आणि ज्याच्यावर हात ठेवायचा नाही म्हटलं त्याच्याच तोंडून आलं होतं. मागं ज्ञानेश्वर हात वर करून उभा. आपलं काही चुकलं का, असं इकडं तिकडं बघत तो ते हळूहळू खाली घ्यायला लागला.

ते खाली येणारे हात मार्थानं पाहिले आणि तिचं डोकं फिरलं. पोरीला दोन वर्षांपूर्वी ओट्यावर ताटकळत ठेवलं तसं आता जावयाला, भर चर्चमध्ये, देवासमोर! ती उठली. तिला प्रभुदासांना काहीतरी कडक बोलायचं होतं, काय ते ठरलेलं नव्हतं. गळ्याचं कुलूप तुटलं, आणि दिराच्या तोंडावर तिनं जे फेकलं ते ऐकून ती स्वतःच दचकली.

"उठा! परमेश्वराला धन्य म्हना, भावजी!"

हाक! बाईनं, धाकट्या भावजयीनं, सतरंजीवरून पंचाला हाक दिली. खिडकीच्या काचा थरथरल्या. जस्टिन पाळकाच्या हातातला चष्मा खाली पडला. असं कधी झालं नव्हतं आणि झालं तर काय करायचं याचा कुठं दंडक नव्हता.

प्रभुदासांनी तिच्याकडं पाहिलं. आयुष्यात त्यांना कोणी हाक दिली नव्हती. लहान असताना बाप द्यायचा तेवढीच. पाय फाकून उभं राहणाऱ्या त्या माणसाचे पाय जवळ आले. हात सुटले, वर गेले, डोक्याच्याही वर. आणि ते म्हणाले, एकटेच, घोगऱ्या, झील अजिबात न येणाऱ्या आवाजात, "धन्य त्यो... धन्य त्याचं नाव."

झालं. उत्तर आलं. आणि आता सगळ्यांच्या माना वळल्या त्या मार्थाकडं. हाक तिनं दिली होती.

तिला आधी कळलंच नाही लोक का बघतायत ते. मग कळलं. ती भांडायला उठली होती! या माणसाचं भलं चिंतायला नव्हती उठली. आणि थोरल्या दिराचं भलं धाकट्या भावजयीनं चिंतायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? पण तो म्हातारा हात वर करून उभा होता आणि त्याच्या काखेत सदऱ्याची शिवण उसवलेली दिसत होती. काल तिला ती दिसली असती तर तिनं दोरा घातला असता. तिला त्याचा अजून राग येत होता. त्याची फार दया येत होती. पोरीला खांद्यावर घेऊन एसटी स्टँडवरून येणारा तो तिला दिसत होता आणि हात काखेत घातलेलाही तोच दिसत होता, आणि दोघांमधला एक निवडायला आता वेळ नव्हता. तिनं हात पुढं केले. फार जड गेले. ओट्यावर त्याला हे का जमलं नव्हतं ते तिला त्या क्षणी अर्धंमुर्धं कळलं, आणि ते कळल्याचाही तिला राग आला.

"ज्यानं आभाळ-भुई केली," ती म्हणाली, "त्यो तुमचं भलं करो."

प्रभुदासांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मार्था, आनखी येकदा म्हन."

"काय?"

"तेच. मी सगळ्यांना म्हनतो गं. मला कोन म्हनतं? बाप गेल्यापासून माज्या वाट्याला आलंच न्हाई ते."

मार्थाला रडू आवरेना. तिनं पुन्हा म्हटलं, तुटक तुटक, आणि यावेळी तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

प्रभुदास पुढून खाली उतरले. कणसांच्या राशीला वळसा घालून ते सतरंजीपर्यंत आले. ज्ञानेश्वरला त्यांनी मानेनं जवळ बोलावलं, तो धावतच आला आणि घाईत कोंबड्यावर पाय देता देता वाचला. आराधना उठत होती, तिला त्यांनी बसून राहायची खूण केली. मग एक हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि एक जावयाच्या रुमालावर.

"ज्यानं," ते म्हणाले, आणि आवाजच गेला. पुन्हा प्रयत्न केला. "ज्यानं आभाळ..." ओठ हलत होते, हात पोरांच्या डोक्यांवर घट्ट होते, पण शब्द येईना. त्यांनी मान वळवून मार्थाकडं पाहिलं. यावेळी हा माणूस विनवतो की खिजवतो, असा प्रश्न तिला पडला नाही.

तिनं उचललं. तिच्यामागं सगळ्या मंडळीनं उचललं, आणि प्रभुदास नुसते हात ठेवून उभे राहिले.